उपाशी पाणी

"काडी वढू नको गं! खाली टाक ती पेटी!" शेजारच्या आक्का जिन्यातूनच ओरडत आत आल्या, तेव्हा निशाच्या एका हातात काडी होती आणि दुसऱ्या हातात पेटी. ती थांबली खरी, पण आक्कांचं बोलणं कळलं म्हणून नव्हे. आक्कांचा असा आवाज तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता, म्हणून. आक्कांनी पदराचा बोळा नाकाला लावला होता. त्या सरळ ओट्याखाली वाकल्या, सिलिंडरची चावी बंद केली, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बाहेरच्या खोलीची उघडली, आणि मग कमरेवर हात ठेवून तिच्यापुढं उभ्या राहिल्या. "तिसऱ्या मजल्यापतोर वास सुटलाय आन् तू हितं हुबी राहून च्या ठेवतीयास? नाक हाय का न्हाई तुला?" दोन हजार सहा सालच्या नोव्हेंबरातली रविवारची सकाळ होती ती. निशाचा नवरा नागसेन लेकीला, सोनमला, सायकल शिकवायला रंकाळ्यावर घेऊन गेला होता. राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांत निशा एकटीच होती, आणि आक्का बडबडत खाली गेल्यावर तर अधिकच एकटी झाली. आक्कांनी विचारलं ते रागाच्या भरात. पण निशानं तो प्रश्न सरळ प्रश्नासारखाच घेतला. तिनं फळीवरची हिंगाची डबी काढली, झाकण उघडलं, नाक आत खुपसलं. काही नाही. कांदालसणाच्या चटणीची बरणी उघडली. नाकात झोंबलं, डोळ्यांना पाणी आलं, पण वास? वास नव्हता. जिथं वास असायचा तिथं नुसती एक जागा होती, पुसून घेतलेल्या पाटीसारखी. तिनं एकामागून एक डबे उघडले. जिरे, मेथी, कॉफी, सोनमच्या अंगाला लावायची पावडर. ओट्यावर सगळे डबे उघडे पडले आणि त्यांच्या मध्ये ती उभी राहिली. शेवटचा वास तिला कधी आला होता, ते तिला आठवेना.

शाहूपुरीतले नाकाचे डॉक्टर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नळीतून आत पाहिलं, हळूच निरनिराळ्या बाटल्या पुढं धरल्या आणि विचारलं, "काम काय करता?" तिनं सांगितलं. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एक वायूचा कारखाना आहे, तिथं केमिस्ट. बॉयलरच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतात, सिलिंडरमध्ये भरतात. फौंड्रीवाले वाळूचे साचे टणक करायला नेतात, सोडावाले सोड्याला नेतात. धुरातून तो पकडायला अमाईन नावाचं एक रसायन पाण्यात मिसळतात, त्याच्याशी अकरा वर्षं संबंध. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यामुळंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही. कदाचित सर्दीतून झालं असेल. कदाचित तुम्ही म्हणता त्यातून. असं हळूहळू जातं तेव्हा माणसाला कळत नाही. आपल्याला येत नाही तो वास जगातच नाही, असं वाटतं." परत येईल का, या प्रश्नावर त्यांनी हात जरासे उघडे केले, बस्स.

आपल्याला येत नाही तो वास जगातच नाही. हे वाक्य घेऊन ती रिक्षात बसली आणि घरी पोचायच्या आत तिला आईचं लुगडं आठवलं. आई दोन हजार तीन साली गेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खुरपण केलेली बाई, तिच्या अंगाला मशेरीचा वास असे, भाजलेल्या तंबाखूचा, त्यात स्वस्त साबणाचा आणि उन्हाचा. ती गेल्यावर निशानं तिचं एक हिरवं लुगडं न धुता ट्रंकेत ठेवलं होतं. दरवर्षी आई गेल्याच्या दिवशी ती ट्रंक उघडायची, लुगडं तोंडाशी धरायची, पुन्हा घडी घालायची. गेल्या वर्षी धरलं तेव्हा काहीच आलं नव्हतं. तेव्हा तिला वाटलं होतं, संपला. कापडातून वास उडून जायचाच, त्याला काय करणार. आणि खरं म्हणजे त्या दिवशी ती आईसाठी दुसऱ्यांदा रडली होती. आता घरी आल्या आल्या चपला न काढता तिनं ट्रंक उघडली. नागसेन वह्या तपासत बसला होता. तो गडमुडशिंगीच्या हायस्कुलात गणित शिकवतो, मोजकं बोलतो. तिनं ते लुगडं त्याच्यापुढं धरलं. "बघ. येतो का?" त्यानं आधी तिच्या तोंडाकडं पाहिलं. मग लुगडं घेतलं, दोन्ही हातांनी, देवळातला प्रसाद घ्यावा तसं नव्हे, परक्या घरचं बाळ घ्यावं तसं, जपून. बराच वेळ त्यानं ते नाकाशी धरलं. "येतो," तो म्हणाला. "मशेरीचा?" "मशेरीचा. आणि साबणाचा थोडा." ती त्याच्याकडं बघत राहिली. खरं बोलतोय की तिच्यासाठी बोलतोय, हे ओळखायचं कोणतंही साधन तिच्यापाशी उरलं नव्हतं. लग्नाला दहा वर्षं झाली होती, आणि इतका पूर्ण विश्वास तिला पहिल्यांदाच टाकावा लागत होता.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी, कारखान्याच्या प्रयोगशाळेत ब्युरेट, आम्ल मोजून सोडायची ती काचेची नळी, भरताना तिला पिराजीमामा आठवले. आठवले हे बरोबर नाही. सात वर्षं ती त्यांना बाजूला सारत आली होती. त्या दिवशी सारायला हात उचलला गेला नाही. पंच्याण्णव साली एम.एस्सी. होऊन ती इथं आली, तेव्हा तिच्या गल्लीतली ती पहिलीच मुलगी होती जिच्या नावापुढं दोन अक्षरं लागली होती, आणि इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्या दिवशी तिला त्या दोन अक्षरांचा काही उपयोग होईना. पिराजीमामा तिथले ऑपरेटर. पन्नाशीचे, गारगोटीकडचे, टोपी तेलकट, आवाज असा की कंप्रेसर चालू असतानाही ऐकू यावा. त्यांनी तिला दोन मजली उंच लोखंडी टॉवरखाली उभं केलं. "ह्ये बगा म्याडम. वरनं सोडतोय ते उपाशी पानी. खालनं धूर येतो. पानी धुरातला ग्यास खात खात खाली येतंय. तळाला येस्तवर प्वाट भरतं. मग ह्या जेवल्याल्या पान्याला तिकडं नेऊन तापवायचं. तापलं की खाल्ल्यालं समदं सोडून देतं. पुन्यांदा उपाशी. पुन्यांदा वर. दिवसरात ह्येच." दोन वर्षं तिनं हे समीकरणांत वाचलं होतं, बाणांच्या दोन्ही बाजूंनी. बाण आणि आकडे सोडून ते कुणाच्या तरी पोटाशी संबंधित आहे असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. मग मामांनी नळाखाली तळहात धरला, चार थेंब घेतले, दोन्ही हात चोळले, डोळे मिटले आणि हुंगलं. "नवं पानी माशावानी वास मारतं. दमल्यालं पानी जळक्या गुळावानी. ह्ये दमत आलंय, आठवडा काढंल." ती प्रयोगशाळेत गेली, आम्ल घालून मोजलं. आठवडाच निघाला असता. त्या संध्याकाळी तिनं आईला सांगितलं होतं, मला मास्तर भेटला.

आणि मास्तर म्हणून ती मामांना मानतही होती, हे खरं. पण अठ्ठ्याण्णव साली तिच्या डोक्यात तिचं स्वतःचं पाणी आलं. अमाईनच्या अनेक जाती आहेत. एक जात धुरातला वायू झटकन धरते पण सोडताना फार तापवावी लागते, आणि ताप सोसून सोसून लवकर खराब होते. दुसरी सावकाश धरते, सहज सोडते. दोन्ही ठरावीक प्रमाणात मिसळल्या तर कोळसा कमी जाळावा लागेल, असं तिनं चार महिने बाटल्यांत करून पाहिलं. मालक बापूसो तयार नव्हते. शेतीतून उद्योगात आलेले जैन गृहस्थ, सगळे त्यांना अण्णा म्हणत. चालती गोष्ट हलवायची नाही हा त्यांचा धर्मच होता. त्यांच्याकडं शब्द टाकला तो मामांनी. "अण्णा, लेकरू शिकून आलंय. बगू दे की करून. बिगाडलं तर मी हाय न्हवं." नोव्हेंबरात नवं पाणी टॉवरमध्ये चढलं. कोळसा खरंच कमी लागू लागला. अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले. तेव्हा निशाला दोन महिने झाले होते, आणि तिला वाटे की पोटातलं आणि टॉवरमधलं अशी दोन्ही तिचीच बाळं आहेत. ती पोटुशी आहे हे कळल्यापासून मामा तिला नमुना घेऊ देत नसत. "लांब व्हा. मी हुंगतो, मी सांगतो, तुमी ल्ह्या." ती लांब उभी राहून लिहायची.

फेब्रुवारीत, सकाळी साडेदहाला, अंबूबाई पंपाच्या खड्ड्यात बेशुद्ध पडली. ती तिथं झाडलोट करायची; पुरुषभर खोल खड्डा, दोन पंप, दिवसातून एकदा फरशी धुवायची. पंपाजवळच्या नळाच्या जोडातून गरम पाणी झिरपत होतं आणि त्यातून सुटलेला वायू खड्ड्यात साचत होता. तो हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही. त्याच्याबरोबर येणारा अमाईनचा वास, तेवढीच काय ती सूचना. आणि जोडाखालचं थारोळं बघून कुणीही सांगितलं असतं की तो वास निदान तासभर सुटलेला होता. त्या तासात खड्ड्याच्या काठावरून मामा चार वेळा गेले होते. अंबूबाई पडल्याचा आवाज ऐकून तेच श्वास कोंडून खाली उतरले, तिला खांद्यावर टाकून वर आणलं आणि मग स्वतः भिंतीला टेकून खोकत बसले. अंबूबाई दोन दिवस दवाखान्यात राहून बरी झाली. पण सरकारी तपासनीस साहेब यायचे होते, त्यांना कागद हवा होता, आणि तो कागद केमिस्टनं द्यायचा होता. अण्णांच्या खोलीत अण्णांनी विचारलं, "पिराजी, वास आला न्हाई तुला?" मामा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी एकदा निशाकडं बघितलं. "आलता की," ते म्हणाले. "मी ध्यान दिलं न्हाई." निशानं लिहिलं : गळतीचा वास येत असूनही ऑपरेटरने हलगर्जीपणाने दुर्लक्ष केले. एक ओळ. मामांना महिन्याअखेर घरी बसवलं. मामांनी निरोपाच्या दिवशी तिच्या टेबलावर भाजलेल्या शेंगांची पुडी ठेवली आणि "जपा," म्हणाले.

जे तिनं लिहिलं नाही ते असं. जोड उघडला तेव्हा आतलं गॅस्केट, म्हणजे दोन नळांमध्ये बसवायची ती रबरी चकती, फुगून मऊ पडलेलं होतं, पावसात भिजलेल्या चपलेसारखं. जुन्या पाण्यात ते रबर वर्षानुवर्षं टिकलं होतं. तिच्या पाण्यात तीन महिनेही टिकलं नाही. तिनं ते हातात घेतलं, कागदात गुंडाळलं, आणि भंगाराच्या ढिगात टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जोडांना वेगळ्या जातीची गॅस्केटं बसवायला लावली, कारण सांगितलं खबरदारी. तेव्हा ती स्वतःशी म्हणाली होती की गळती कुठंही होऊ शकते. वास येऊनही दुर्लक्ष करणारा माणूस हाच खरा दोष. हे वाक्य सात वर्षं टिकलं होतं, कारण त्यात "वास येऊनही" हे दोन शब्द होते. आता ब्युरेट हातात धरून उभी असताना तेच दोन शब्द फुगून मऊ पडले. तिला सत्त्याण्णव सालची एक दुपार आठवली. तिनं चुकून मामांच्या हातात नमुन्याऐवजी तपकिरी बाटली दिली होती, ज्यात नुसतं शुद्ध केलेलं पाणी होतं. मामांनी बाटली उजेडाकडं धरली, तळहातावर थेंब घेतले, चोळले, डोळे मिटून हुंगले आणि म्हणाले, "दमलंय पानी." ती हसली होती. मामा आज घरच्या विचारात आहेत, असं तिला वाटलं होतं. बाटलीचा रंग बघून सांगत होते ते. रंगावरून, फेसावरून, पंपाच्या आवाजावरून सांगत होते, आणि नाकापाशी हात नेत होते तो तिच्यासाठी. किती वर्षं? तिनं ब्युरेटची तोटी बंद केली. खाली बरंच आम्ल वाहून गेलं होतं.

पुढच्या रविवारी ती एस.टी.नं गारगोटीला गेली. नागसेननं सोबत येऊ का म्हणून विचारलं, तिनं नको म्हटलं, त्यानं डब्यात दशम्या बांधून दिल्या. बिद्रीच्या साखर कारखान्यापाशी गाडीतल्या दोन बायकांनी एकदम नाकाला पदर लावले, एक म्हातारा खिडकी ओढून "मळीचा वास म्हंजे वास" असं म्हणाला, आणि निशा खिडकीशी बसून त्या वासातून नुसतीच निघून गेली. बाजारापलीकडं विचारत विचारत घर सापडलं. दारात पन्नास-पंचावन्नच्या बाईंनी तिला वरखाली पाहिलं. "कोन पावणं?" "मी निशा. शिरोलीच्या कारखान्यातनं. पिराजीमामा आहेत?" झुंबरबाईंनी, मामांच्या बायकोनं, आधी तांब्या भरून आणला आणि मग आत हाक मारली, "अवं, तुमची म्याडम आलीया!" मामा वाळले होते. टोपी मात्र पांढरीशुभ्र होती. त्यांनी तिला बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "प्वार का प्वारगी झाली?" "मुलगी. सोनम. सात वर्षांची आहे." "बेस झालं. नाक-डोळं, समदं बेस?" "सगळं छान आहे." मामांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिले, जणू सात वर्षं एवढंच एक विचारायचं राहून गेलं होतं. झुंबरबाई चुलीपाशी बसल्या बसल्या मोठ्यानं बोलत होत्या, "फोडनी टाकली बगा, लसून कसा खमंग सुटलाय. शेजारच्या परड्यात शेवग्याला फूल आलंय वाटतं, वारा आला की वास येतोय." मामा प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय, येतोय की," म्हणत होते. निशा ऐकत राहिली. तिच्यासाठी त्या खोलीत धूर होता, उजेड होता, कढईचा आवाज होता.

झुंबरबाई पाणी आणायला बाहेर गेल्या तेव्हा ती म्हणाली, "मामा, मला वास येत नाही." त्यांचा हात टोपीकडं गेला. "कवापास्नं?" "माहीत नाही. गेल्या रविवारी कळलं. घरात गॅस सुटला होता आणि मी काडी ओढत होते." मामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ती म्हणाली, "तुम्हाला कधीपासून येत नाही, मामा?" अंगणात कोंबडी माती उकरत होती. मामांनी तिच्याकडं बघत सांगितलं, "शहाण्णवच्या दिवाळीला. उटनं लावलं आन् मला त्येचा वास येईना. म्हटलं, स्वस्तातलं आसंल." ती म्हणाली, "मग तेव्हा का नाही सांगितलंत? अण्णांच्या खोलीत?" "काय सांगू? हलगर्जी मानसाला मालक शिव्या घालतो. नाक गेलेल्याची कीव करतो. मला कीव नगं हुती." मग ते म्हणाले, "आन् तुमी तिथं पाच म्हयन्याच्या पोटुशा हुब्या. ह्या पान्यानं मानसाचं नाक खाल्लं म्हटल्यावर तुमच्या पोटात काय ग्वाळा उठला आसता? तवा म्हटलं, माझ्या अंगावर घेतो. दोन घास कमी खाऊ." निशाला आता बोलायचं होतं ते बोलण्यासाठी तिला जमिनीकडं बघावं लागलं. तिनं गॅस्केटचं सांगितलं. माझ्या पाण्यानं ते फुगलं होतं. मी ते भंगारात टाकलं आणि तुमच्यावर लिहिलं. मला कळत होतं. मामांनी विचारलं, "लई फुगलं हुतं?" "हो." "मग पानी चांगलं आन् रबर वंगाळ, आसं म्हना की. त्येला काय. रबर बदलता येतं." आणि मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "पर म्याडम, हलगर्जी हा शब्द लई लागला. तीस वर्सांत मी एक वॉल उगडा टाकला न्हाई." ती रडली. मामांनी तिला रडू दिलं. ते उठून उगाच कोंबडीला हाकलत राहिले.

तिला स्टँडवर सोडायला झुंबरबाई आल्या. गाडी लागल्यावर त्यांनी तिचा दंड धरला. "तुमास्नी सांगितलं व्हय त्येंनी? नाकाचं?" निशा दचकली. "तुम्हाला माहीत आहे?" "धा वर्सं झाली. दूध जळालं तरी म्हनतात, झाक वास सुटलाय." त्या हसल्या, पण लगेच थांबल्या. "मला न्हाई सांगितलं. म्हनून मी बी इचारलं न्हाई. वास आला की मोठ्यानं बोलते, म्हंजे त्येंना व्हय म्हनता येतं."

सोमवारी ती अण्णांच्या खोलीत गेली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. आधी स्वतःचं, मग मामांचं, शेवटी गॅस्केटचं. अण्णा आता थकले होते, हाताला कंप होता. "सात वर्सांनी सांगतीयास," ते म्हणाले. "नोकरी जाईल म्हणून तेव्हा सांगितलं नाही. आता गेली तरी चालेल." अण्णांनी जुनी फाईल काढायला लावली. तो कागद वाचला, उलटा करून कोराच मागचा भाग बघितला, पुन्हा सुलटा केला. "तू कागद दिलास. त्याखाली सही माझी हाय. घरी मी बसवला त्याला." दोघंही त्या एका ओळीकडं बघत बसले. मग निशानं नवा कागद लिहिला, त्यात गॅस्केट लिहिलं, स्वतःचं नाव लिहिलं, आणि हलगर्जीपणा या शब्दाच्या जागी, ऑपरेटरला वास कळत नव्हता आणि ते पाहण्याची कोणतीही व्यवस्था आम्ही केली नव्हती, असं लिहिलं. अण्णांनी खाली सही केली, वेळ लावून. नोकरी गेली नाही. खड्ड्यापाशी हवा तपासणारं मीटर बसवायचं ठरलं. आणि निशा म्हणाली, मला सगळ्यांची नाकं तपासायची आहेत. नव्या कागदाची नक्कल तिनं गारगोटीला पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत तपासणीचा दिवसही कळवला, का कळवला ते तिला सांगता आलं नसतं.

त्या दिवशी शेडबाहेर, उन्हात, अकरा जण रांगेत उभे होते. टेबलावर पाच बाटल्या : लवंग, कापूर, रॉकेल, दालचिनी आणि एक रिकामी. बाटल्या कुणी धरायच्या हा प्रश्न होता, कारण निशाला स्वतःला त्या ओळखता येत नव्हत्या. अंबूबाई पुढं आली. खड्ड्यातनं वर आल्यापासून तिचं नाक कुत्र्यावानी झालंय, असं तीच सांगायची. पहिल्या गड्यानं पाचही बाटल्यांना "कापूर" म्हटलं. दुसऱ्यानं अंबूबाईच्या तोंडाकडं बघून बघून उत्तरं दिली आणि रिकाम्या बाटलीलाही "लवंग" म्हणाला. रांगेत हशा झाला, पण हसणाऱ्यांतले काही जण आपला नंबर जवळ आला तसे गप्प होत गेले. ते निशाला दिसत होतं. आणि आता हे तिला ओळखताही येत होतं. कुणी काय करावं हे सुचत नव्हतं, तेवढ्यात फाटकातून पांढरी टोपी आत आली. मागं पिशवी घेऊन झुंबरबाई. मामांनी कुणाला रामराम केला नाही. ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. सगळे बाजूला झाले, पुढं व्हा म्हणाले. मामा टेबलापाशी आले. अंबूबाईनं बाटली त्यांच्या नाकाशी धरली. ज्या खांद्यावरून ती वर आली होती तो खांदा समोर होता. मामांनी डोळे मिटले, हुंगलं, आणि मग त्या कंप्रेसरवरून ऐकू जाणाऱ्या आवाजात म्हणाले, "मला येत न्हाई. शहाण्णव सालापास्नं येत न्हाई." फाटकापाशी झुंबरबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढला, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं. अंबूबाईनं हळूच सांगितलं, "दालचिनी हाय, मामा." "आसू दे," मामा म्हणाले.

त्यानंतर पहिला गडी परत आला. "माझं बी पुन्यांदा बगा," तो म्हणाला. मग दुसरा. मग वेल्डर. अकरांपैकी चौघांना वास येत नव्हता आणि चौघांनीही ते कुणालाच सांगितलं नव्हतं, घरीही नाही. निशा नावं लिहीत होती. नाव लिहिल्यावर प्रत्येक जण जरा हलका होऊन बाजूला जायचा, मामांच्या शेजारी कट्ट्यावर जाऊन बसायचा, आणि तिथं त्यांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, कुणी भजी ओळखत नाही, कुणी बायकोचा गजरा, कुणी नुसतंच हसत होतं. अण्णा खुर्ची आणवून त्यांच्यात बसले. यादी झाली असं वाटून निशानं पेनला टोपण लावलं, तेव्हा अंबूबाई म्हणाली, "बाई, तुमी ऱ्हायला की." सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. तिला माहीत होतं, नळीतून बघून डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे सगळ्यांना सांगूनही झालं होतं. तरी ती उठली आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, जिथं गडी उभे राहत होते तिथं जाऊन उभी राहिली. अंबूबाईनं एका हातानं तिची मान जराशी वर केली, लेकीची करावी तशी, आणि दुसऱ्या हातानं बाटली धरली. काच ओठांना गार लागली. निशानं डोळे मिटून जेवढा घेता येईल तेवढा श्वास आत घेतला. उन्हाची ऊब आत आली, बाकी काही नाही.

"न्हाई येत," ती म्हणाली, आणि कट्ट्यावर मामांनी बाजूला सरकून तिच्यासाठी जागा केली.